साक्षीदार, मालक आणि दलाल: शिरवळ परिसरात घर दाखवण्याच्या रीतीचा इतिहास

शिरवळ हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील, नीरा नदीच्या दक्षिण तीरावरचे गाव पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा मार्ग नदी ओलांडून जिल्ह्यात शिरतो त्या जागी वसलेले आहे, आणि हे स्थानच त्याच्या इतिहासाची किल्ली आहे. परिसरातील बौद्ध लेणी, वाटसरूंसाठी बांधलेली मध्ययुगीन दगडी पाणपोई, 1648 साली फत्तेखानाच्या स्वारीत आधी आदिलशाही सैन्याने घेतलेला आणि लगेच शिवाजी महाराजांच्या माणसांनी परत जिंकलेला सुभानमंगळ हा भुईकोट, या सर्व खुणा एकच गोष्ट सांगतात, की या वाटेवर परका माणूस कधीच नवा नव्हता. परक्याने येऊन येथे घर विकत मागणे मात्र नवे आहे, आणि घर ‘दाखवणे’ हा व्यवहाराचा स्वतंत्र टप्पा त्या नव्या गरजेतून जन्माला आला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. घर मालकाने स्वतः दाखवावे की दलालाने, हा आजचा घरगुती वाटणारा प्रश्न त्यामुळे केवळ सोयीचा उरत नाही. विक्रीच्या व्यवहारात कोणाची माहिती ग्राह्य धरायची आणि ती खोटी निघाली तर कोणी उत्तर द्यायचे, या जुन्या प्रश्नाचे ते अलीकडचे रूप ठरते.

जुन्या दख्खनी गावाची जमीन दोन भागांत विभागलेली असे: पिकाखालील जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’, जिला पुढे महसुली भाषेत ‘गावठाण’ हे नाव रूढ झाले. पांढरीतले घर गावाला आतून-बाहेरून ठाऊक असे. ते किती ‘खणांचे’ आहे, म्हणजे दोन तुळयांमधील अंतर धरून मोजलेल्या किती भागांचे आहे, त्याची भिंत कोणाच्या भिंतीला लागून आहे, पावसाचे पाणी कोणाच्या अंगणातून वाहते आणि परसातल्या आडावर कोणाचा वाटा आहे, हे सर्व शेजाऱ्यांना मालकाइतकेच, क्वचित मालकापेक्षाही अधिक माहीत असे. गिऱ्हाईकही बहुधा भाऊबंद, शेजारी किंवा त्याच पेठेतला व्यापारी असल्याने त्याला घर हिंडून पाहण्याचे कारण नसे, आणि तसे हिंडणे रीतीलाही धरून नसे, कारण बाहेरच्या पुरुषाची मर्यादा ओटी-पडवीपर्यंतच होती. माजघर, स्वयंपाकघर आणि परसदार यांची पाहणी झालीच तर ती घेणाऱ्या घरातील बायकांनी, हळदीकुंकवाला आल्यासारखी, सहज म्हणून केलेली असे. दाखवायचे असे ते घर नव्हे, तर घर विकण्याचा अधिकार.

या अधिकाराची उघड मांडणी कशी व्हावी, याचा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वी केलेला दिसतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने बाराव्या शतकाच्या आरंभी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेत भूमीच्या हस्तांतरासाठी गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमती सांगणारे जुने वचन चर्चेला घेतले आहे, आणि टीकाकाराने त्याचा लावलेला अर्थ विशेष लक्षणीय आहे: गावाची संमती ही विक्रीची अट म्हणून नव्हे, तर व्यवहार सर्वांना कळावा म्हणून, शेजाऱ्यांची संमती सीमेचा वाद उद्भवू नये म्हणून, आणि भाऊबंदांची संमती वाटणी झाली आहे की नाही याचा संशय राहू नये म्हणून. येथे संमतीचे काम मूलतः माहिती देण्याचे आहे. आजचा खरेदीदार घर पाहायला जातो तेव्हा ज्या तीन शंका मनात घेऊन जातो (विकणारा हाच मालक आहे का, हद्द कोठवर आहे, उद्या कोणी हिस्सेदार उभा राहील का), त्या तिन्ही या वचनात आहेत. फरक इतकाच, की उत्तर देणारे चार वेगवेगळे पक्ष आहेत आणि त्यांपैकी एकालाही विक्री होण्यात स्वतःचा लाभ नाही.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत हीच व्यवस्था ‘महजर’ या रूपाने भेटते. महजर म्हणजे हक्काच्या प्रश्नावर जमलेल्या सभेचा, म्हणजे गोतसभेचा, साक्षींसह केलेला लेख. त्यावर पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे आणि बलुतेदार यांच्या साक्षी असत, आणि लिहिता न येणारा साक्षीदार आपल्या व्यवसायाची खूण काढी, जशी कुणब्याची निशाणी नांगराची. शिरवळ हे परगण्याचे ठाणे असल्याने, म्हणजे काही गावांच्या समूहाच्या कारभाराचे केंद्र असल्याने, देशमुख आणि देशपांडे ही वतनदारांची फळी, जिचे हक्क वंशपरंपरेने चालत, या परिसराच्या व्यवहारांत साहजिकच होती. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो ‘मिरासदार’ आणि बाहेरून येऊन तात्पुरती वस्ती करणारा तो ‘उपरी’, असा भेद गावगाड्यात होता. उपऱ्याला राहायला जागा मिळे, पण ती गावाच्या अनुमतीने मिळे, बाजारातून नव्हे. खरेदीखतात मिळकतीची ‘चतुःसीमा’, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर या चारही दिशांना कोणाची मिळकत आहे याचे वर्णन, दिलेले असे, आणि त्या वर्णनात ज्यांची नावे येत तेच शेजारी साक्षीलाही उभे राहत. घर दाखवणे म्हणतात ते हेच होते: घराच्या चारही बाजूंची माणसे दाखवणे.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा मोह आवरला पाहिजे. पांढरीतील आळ्या जातींनुसार होत्या, महारवाडा गावकुसाबाहेर होता, आणि ज्या गोताची साक्ष व्यवहाराला बळ देई तेच गोत नको असलेल्या माणसाला वस्तीबाहेर ठेवण्यासही समर्थ होते. विश्वास आणि बहिष्कार या दोन्ही गोष्टी एकाच ओळखीवर उभ्या होत्या.

दलाल हा माणूस या काळात अपरिचित नव्हता; पेठेत धान्य, कापड आणि जनावरे यांच्या खरेदी-विक्रीत त्याची दलाली ठरलेली असे. पण घराच्या व्यवहारात त्याला शिरकाव नव्हता, कारण जेथे गिऱ्हाईक आणि विक्रेता एकमेकांस ओळखतात तेथे गाठ घालून देणाऱ्याला मोल नसते. अठराव्या शतकातील पुण्यात ही अट मोडली. पेशव्यांच्या राजधानीत कोकणातून आणि देशावरून माणसे येऊन स्थायिक होऊ लागली, पेठा वसल्या, आणि घरांची खरेदी-विक्री अनोळखी लोकांत होऊ लागली. तेव्हा शहराच्या कोतवालाकडे बंदोबस्ताबरोबरच घरे आणि जागा यांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे कामही आले. गोतसभेची जागा शहरात प्रथम दलालाने नव्हे, तर सरकारी दप्तराने घेतली, ही बाब मराठी नगरेतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

सातारचे राज्य 1848 साली खालसा झाल्यानंतर शिरवळचा मुलूख थेट ब्रिटिश अंमलाखाली आला, आणि महसूल पाहणीची मोजणी येथे पोहोचली. या मोजणीचे लक्ष साऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या महसुलावर, असल्याने तिने शेताचा तुकडा न् तुकडा नकाशावर आणला, पण सारा न देणाऱ्या गावठाणाला बहुतेक गावांत एकाच रेषेने वेढून तसेच सोडून दिले. परिणामी शेताला कालांतराने सातबाराचा उतारा मिळाला, म्हणजे गाव नमुना 7 मधील हक्काची नोंद आणि नमुना 12 मधील पिकाची नोंद यांचा एकत्रित कागद. गावठाणातल्या घराला मात्र असा कागद मिळाला नाही. त्याच्या वाट्याला आला तो पुढील काळातील ग्रामपंचायतीचा नमुना 8, जो मुळात घरपट्टी आकारण्याची नोंदवही असून मालकीचा निर्णायक पुरावा नाही. नीरेकाठच्या गावांत घराच्या मालकीची खातरजमा शेजाऱ्याच्या तोंडून करून घेण्याची सवय विसाव्या शतकातही टिकून राहिली, तिचे कारण परंपरेच्या प्रेमात नसून कागदाच्या या अभावात शोधले पाहिजे.

ब्रिटिश अंमलाच्या याच काळात कायद्याने व्यवहाराचा पायाच बदलला. नोंदणीच्या कायद्यांनी शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदवणे सक्तीचे केले, आणि मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा 1 जानेवारी 1893 पासून मुंबई इलाख्यास लागू झाला. या कायद्याचे 55 वे कलम घर दाखवण्याच्या दृष्टीने मूलभूत आहे. मिळकतीतील किंवा मालकीतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण दक्षता घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही, तो विक्रेत्याने उघड केला पाहिजे, आणि मागणी होताच मालकीचे कागद तपासायला दिले पाहिजेत, असे हे कलम सांगते. ज्याचा शोध डोळ्यांनी लागू शकतो तो दोष पाहण्याची जबाबदारी त्यामुळे खरेदीदारावर आली; भिंतीला गेलेला तडा त्याने पाहायचा, भिंतीवरून चाललेला दावा मालकाने सांगायचा. पुढे 1929 च्या दुरुस्तीने असेही ठरवले, की मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या हक्काची जाणीव खरेदीदाराला आहे असे मानले जाईल. म्हणजे घरात कोण राहते हे न पाहता घर घेणाऱ्याला नंतर अज्ञानाची सबब सांगता येत नाही. घर पाहणे हे अशा रीतीने सवयीचे न राहता कायद्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण कृत्य बनले.

त्याच कायद्याचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. गहाणखत आणि बक्षीसपत्र यांना त्याने दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक केले, पण विक्रीला तशी अट घातली नाही; विक्रीस नोंदणीकृत दस्त पुरेसा ठरला. प्रत्यक्षात खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या घेण्याची रूढी आजतागायत चालू आहे, परंतु शेजाऱ्याची साक्ष ज्या व्यवस्थेत विक्रीचा कणा होती ती व्यवस्था तेथेच संपली, आणि शेजाऱ्याने रिकामी केलेली जागा भरायला कोणीतरी येणार हे उघड होते.

तो कोणीतरी प्रथम मुंबईत ठळक झाला. सातारा आणि कोकण या भागांतून गिरण्यांत व गोदीत कामाला गेलेल्या माणसांना ‘जागेचा दलाल’ हा प्रकार गावात नव्हे, तर तेथे भेटला. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाड्याव्यतिरिक्त रक्कम घेण्यास बंदी केली, तरी ‘पगडी’, म्हणजे ताबा देण्यासाठी भाडेकरूकडून हातावर घेतली जाणारी मोठी रक्कम, चालूच राहिली. आणि जो व्यवहार कागदावर येऊ शकत नाही त्याला विश्वासू मध्यस्थ लागतोच. या मध्यस्थाबद्दलची मध्यमवर्गीय मराठी मनाची अढी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत नेमकी उमटली आहे: जागा विकणे किंवा भाड्याने देणे असल्याचे सांगून शेवटी ‘एजंट क्षमस्व’ असे दोन शब्द टाकणारा मालक दलाली वाचवू पाहतो हे खरेच, पण त्याहून अधिक तो येणाऱ्या माणसाला स्वतः पारखू पाहतो.

शिरवळला हा टप्पा उशिरा आला. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे 1988 साली सुरू झाले आणि विद्यार्थी-प्राध्यापकांना खोल्या लागू लागल्या. पाठोपाठ महामार्गाच्या कडेने कारखानदारी वाढली, गोदरेजचा गृहोपयोगी उपकरणांचा कारखाना, शेजारच्या विंग गावातील रीटर कंपनीचा वस्त्रोद्योगाच्या यंत्रांचा कारखाना, केसुर्डीची औद्योगिक वसाहत, आणि त्यांबरोबर परजिल्ह्यांतून व परराज्यांतून आलेला कामगार. ज्या गावाला शतकानुशतके परका मुक्कामापुरता ठाऊक होता तेथे आता परका भाडेकरू झाला, आणि काही वर्षांनी सदनिकेचे गिऱ्हाईक.

भाड्याच्या खोलीच्या बाबतीत मालकाने स्वतः घर दाखवण्याची रीत येथे मुख्य राहिली, कारण मालक बहुधा त्याच इमारतीच्या खालच्या किंवा वरच्या मजल्यावर राहतो. अशा भेटीत घराबद्दलची माहिती जितकी मिळते तितकी दलालाकडून मिळणे अशक्य असते: नळाला पाणी किती वाजता येते, उन्हाळ्यात बोअर आटते का, वीज गेल्यास किती वेळ जाते, पावसात कोणती भिंत ओल धरते, हे ज्याने त्या घरात पावसाळे काढले त्यालाच सांगता येते, आणि तो ते पूर्णपणे लपवू इच्छीत असला तरी घरातले मूल किंवा शेजारीण बोलून जाते. पण मालकाची भेट ही दुहेरी पाहणी असते. घर पाहणारा घर पाहत असतो आणि मालक त्याला. गाव कोणते, आडनाव काय, कुटुंब आहे की एकटे, मांसाहार करता का, हे प्रश्न चहाच्या कपाबरोबर येतात आणि त्यांतील काहींच्या आड जात आणि धर्म विचारलेला असतो. दलाल मधे आला की हे प्रश्न नाहीसे होत नाहीत. ते फोनवर, आधीच, विचारले जातात, आणि नको असलेल्याला ते घर दाखवलेच जात नाही. नकाराचा अवघडपणा दलाल दोन्ही पक्षांसाठी कमी करतो, हे त्याच्या सेवेचे एक खरे पण फारसे अभिमानास्पद नसलेले अंग आहे. लेखी करार हाही या व्यवहाराचा भाग आता कायद्यानेच केला आहे: 31 मार्च 2000 पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी असणे आणि नोंदवणे आवश्यक केले व ती जबाबदारी जागामालकावर टाकली. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा दस्त तयार करून देण्यापुरता तरी एजंट यामुळे जवळजवळ प्रत्येक घरात शिरला.

विक्रीच्या व्यवहारात एजंटाचे स्थान वेगळे आहे, आणि येथे शहरी कल्पना शिरवळला जशीच्या तशी लागू करणे चूक ठरेल. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये इस्टेट एजंट किल्ली घेऊन येतो आणि खोल्या हिंडवतो. नीरेकाठचा एजंट प्रामुख्याने कागद आणि माणसे जुळवतो. त्याचा पहिला प्रश्न बहुधा घराविषयी नसतो, तर ‘पार्टी’विषयी असतो, म्हणजे घेणाऱ्या वा विकणाऱ्या पक्षाविषयी: शेतजमिनीचा तुकडा असेल तर घेणाऱ्याकडे शेतकरी असल्याचा दाखला आहे का, कारण 1948 च्या कूळकायद्याच्या 63 व्या कलमानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यात तो तुकडा बसतो का, प्लॉट बिगरशेती, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एनए’, झाला आहे का. त्यानंतर हिस्सेदार. सातबाऱ्यावर भावांची, पुतण्यांची आणि, विशेषतः हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिल्यानंतर, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे असतात; मुंबईला असलेला चुलतभाऊ आणि बारामतीकडे दिलेली आत्या यांना एकाच दिवशी सहीसाठी आणणे किंवा हक्कसोडपत्र करून घेणे, हे काम मालकाला स्वतःच्या नात्यामुळेच जमत नाही आणि तिऱ्हाइताला जमते. मिताक्षरेने भाऊबंदांच्या संमतीत जे पाहिले होते, ते गोळा करण्याची मजुरी आज टक्क्यांत मोजली जाते. इसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम, कोणाच्या देखत दिली हे सांगणाराही तोच असतो.

मात्र जुना साक्षीदार आणि हा मध्यस्थ यांच्यातील भेद झाकता येत नाही. साक्षीदाराला विक्री झाली काय, न झाली काय, सारखेच होते. एजंटाला दलाली सौदा झाला तरच मिळते, आणि अनेकदा ती दोन्ही पक्षांकडून मिळते. 1872 च्या करार कायद्याने अभिकर्त्याने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याने, मालकाला न सांगता स्वतःच्या लाभासाठी व्यवहार केल्यास काय व्हावे याचे नियम घालून दिले असले, तरी दोघांचाही माणूस असलेल्या मध्यस्थाचे निष्ठेचे गणित त्या नियमांत सहज बसत नाही.

स्थावर संपदा अधिनियम, ज्याला सर्वत्र ‘रेरा’ म्हणतात, 2016 साली झाला, आणि महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण 2017 पासून काम करू लागले. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा प्लॉट विकण्यास मदत करणाऱ्या एजंटाने स्वतःची नोंदणी केली पाहिजे, खोटी माहिती देता कामा नये आणि खरेदीदाराला कागद मिळवून दिले पाहिजेत. नोंदणीविना काम केल्यास दिवसाला 10,000 रुपये, मिळकतीच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. 2023 पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणेही बंधनकारक केले. नमुन्यादाखल सजवलेला ‘सँपल फ्लॅट’ पाहून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर प्रवर्तकाला, म्हणजे बांधकाम करून विकणाऱ्याला, भरपाई द्यावी लागते, हे कलम तर घर दाखवण्याच्या कृत्यालाच जबाबदारी चिकटवणारे आहे. पण या साऱ्याची हद्द नोंदणीकृत प्रकल्पापर्यंत आहे. महामार्गालगतच्या नव्या गृहप्रकल्पातील सदनिका दाखवणारा माणूस परीक्षा देऊन आलेला असावा लागतो; तोच माणूस संध्याकाळी गावठाणातील पाच खणी जुने घर दाखवू लागला, की त्याला यातले काहीच लागू नसते. ज्या घराचे कागद सर्वांत विरळ, तेथेच मध्यस्थ सर्वांत मोकळा, ही विसंगती कायद्याने अजून सोडवलेली नाही.

कागदांची ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न शिरवळपासून फार दूर नसलेल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावातून सुरू झाला, जेथे गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रायोगिक उपक्रम झाला. पुढे 2020 साली केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ या नावाने अशी योजना देशभर जाहीर केली. या मोजणीतून गावठाणातील प्रत्येक घराला मिळकत पत्रिका मिळते, आणि शेजारी आधी जे तोंडाने सांगत असे ते नकाशावर येते. मोजणीच्या वेळी हद्दीवर चुन्याची रेघ मारायला मात्र मालकाबरोबर शेजारीही लागतो, आणि खरेदीखतात चतुःसीमा आजही लिहावी लागते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात लिहून देणारा तोच हा माणूस, अशी ओळख पटवण्यासाठी दोघांच्या सह्या घेण्याची पद्धत आहे. मालकाचे शेजारी कामावर गेलेले असतात आणि भाऊबंदांना बोलवायचे नसते, तेव्हा त्या दोन सह्यांपैकी एक बहुतेक वेळा एजंटाची असते.